रुपयात आटलेले डॉलर

मंडळी, आमची छावणी शहरापासून काही लांब नाही. पण निजामाच्या राजवटीत या दोन ठिकाणी दोन वेगळे रुपये चालत. औरंगाबाद शहरात (आताच्या छत्रपती संभाजीनगरात) 'हाली', म्हणजे निजामाचा सिक्का. छावणीत फौजेचा पगार व्हायचा तो 'कलदार', म्हणजे इंग्रजांचा रुपया. सात हाली मोजले की सहा कलदार, असा साधारण हिशेब. माझ्या दादीच्या निकाहनाम्यात मेहेरची रक्कम 'सिक्का हाली' अशी लिहिलेली आहे. हाली म्हणजे सध्या चालू असलेला. हे चालू नाणं 1959 मध्ये चलनातून बाद झालं, नाव मात्र तेच राहिलं.

नाणी जमवण्याचा नाद मला या दोन रुपयांनी लावला. गुरुवारचा छावणीचा बाजार आणि शहरातला सराफा एवढाच माझा मुलूख. तुम्ही म्हणाल, यात अमेरिका कुठून आली? तर ती आमच्या कलदारातच आहे.

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून ब्रिटनला प्रचंड माल गेला. त्याचे पैसे इथे रुपयांत चुकवायचे, आणि रुपया म्हणजे चांदी. चांदी पुरेना. 1917 मध्ये सरकारने एक रुपयाची कागदी नोट काढली, तरी लोकांचा भरवसा नाण्यावर. 1918 च्या सुरुवातीला नोटा देऊन रुपये मागणाऱ्यांची रीघ लागली आणि खजिना आटत चालला. तेव्हा अमेरिका धावून आली. चांदीच्या खाणींच्या नेवाडा राज्याचे सिनेटर पिटमन यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा एप्रिल 1918 मध्ये झाला. त्याखाली अमेरिकेच्या तिजोरीतले सुमारे 27 कोटी चांदीचे डॉलर वितळवले गेले. त्यांपैकी जवळजवळ 26 कोटी डॉलरांची चांदी ब्रिटनला विकली, ती हिंदुस्थानसाठी. मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळींनी 1918 आणि 1919 या दोन सालांचे मिळून ऐंशी कोटींच्या वर रुपये पाडले. एका डॉलरच्या चांदीत आपले सव्वादोन रुपये होतात, एवढं गणित तुम्हीही कागदावर करू शकता: डॉलरमध्ये शुद्ध चांदी 24 ग्रॅम, रुपयात पावणेअकराच्या आत-बाहेर.

याचा परिणाम तिकडच्या संग्राहकांना आजही भोगावा लागतो. कोणत्या सालचे किती डॉलर मुशीत गेले याची नोंदच ठेवली नव्हती. त्यामुळे टांकसाळीच्या वहीत लाखोंनी दिसणारं साल बाजारात मिळेलच असं नाही. न्यू ऑर्लीन्सच्या टांकसाळीचा 1903 चा डॉलर घ्या. पाडले होते चव्वेचाळीस लाखांच्या वर, पण दिसायचा इतका क्वचित, की बहुतेक सगळे आटले असंच लोक धरून चालले. शेकडो डॉलर मोजून तो विकत घेत. 1962 मध्ये सरकारी तिजोरीतून त्याच्या पोत्यांमागून पोती निघाली आणि भाव कोसळला. दुर्मीळ हा शब्द मी तेव्हापासून जपून वापरतो. म्हणजे, हा किस्सा वाचल्यापासून. 1962 मध्ये मी जन्मलोही नव्हतो!

आपल्याकडे उलट आहे. 1918 आणि 1919 चा पंचम जॉर्जचा रुपया इतका मुबलक, की संग्राहक त्याला हात लावत नाहीत. 1922 चा मात्र कमी. त्यानंतर पंचम जॉर्जच्या हयातीत चलनासाठी रुपया पाडलाच नाही. 1911 चाही शोधला जातो. त्यावर राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली, आणि सरकारने तो परत घेऊन पुढच्या वर्षी चित्र बदललं. 1939 चा सर्वांत महाग. म्हणूनच त्याचे नकली तुकडेही सर्वांत जास्त फिरतात.

मुबलक नाण्याचं मरण असं, की त्याला नुसता चांदीचा भाव मिळतो. 2025 मध्ये चांदी किलोला लाखाच्या वर गेली आणि आमच्या सराफ्यात जुन्या रुपयांची आटणी वाढली. छावणीतल्या एका खालांनी नातीच्या कॉलेजच्या फीसाठी त्यांच्या सासूची माळ काढली. तेवीस रुपये, प्रत्येकाला डाक देऊन कडी बसवलेली. कडी बसली की संग्राहकाच्या लेखी नाणं संपलं. एकोणीस कलदार होते, जवळजवळ सगळे 1918-19 चे. चार हाली. मी त्यांना अमेरिकेची हकीकत सांगितली. त्या म्हणाल्या, "बेटा, फी सोमवारपर्यंत भरायची आहे." यावर काय बोलणार? कलदार मोडीत गेले. हाली मात्र मी त्यांना थांबवून बारकाईने पाहिले.

कारण हालीची गंमत अक्षरात आहे. त्यावर चारमिनार असतो आणि त्याच्या दरवाज्यात एकच उर्दू अक्षर. महबूब अली खान यांच्या काळात 'मीम', 1911 पासून उस्मान अली खान यांचं 'ऐन'. शिवाय 92 हा आकडा, तो सालाचा नव्हे. अबजद पद्धतीने अक्षरांची बेरीज केली की मुहम्मद या नावाचे 92 होतात. उस्मान अलींच्या सुरुवातीच्या, हिजरी 1329-30 च्या नाण्यांवर 'ऐन' अर्धवट उमटलेला आहे, नंतर तो पूर्ण झाला. अर्धा ऐन पूर्ण ऐनापेक्षा महाग. खालांच्या चारांत एक अर्धा निघाला. कडी होती म्हणून मोल घटलं, तरी वजनाच्या भावापेक्षा बरंच जास्त मिळालं.

तुमच्या घरात असे रुपये असतील, तर चिंच किंवा राख लावून घासू नका. काळेपणा हाच नाण्याचा पुरावा. कलदाराचं वजन 11.66 ग्रॅम, हालीचं 11.18, फार कमी भरलं तर शंका घ्या. शंभर वर्षांवरचं नाणं परवानगीशिवाय परदेशी पाठवता येत नाही, 1972 चा पुरावशेष कायदा आहे. आणि मोडीत घालण्याआधी साल वाचा. हालीवर ते हिजरी असतं, फारसी आकड्यांत. मोहल्ल्यातला कुणीही उर्दू शिकलेला माणूस वाचून देईल.