श्वास घेणं सोपं, सोडणं अवघड!

कंधारमध्ये 'समुद्र' म्हटलं की आपला राष्ट्रकूटकालीन जगत्तुंग समुद्र, म्हणजे तळं! खरा समुद्र बघायचा तर कोकण गाठावं लागतं. हल्ली कॉलेजच्या ट्रिपा मालवणला जातात आणि तिथं स्कूबा डायव्हिंग 'मस्ट' असतं. जवळच्या तारकर्लीत तर एमटीडीसीचं स्कूबा प्रशिक्षण केंद्रच आहे. पाण्यात उतरताना तोंडात जे यंत्र धरायला देतात, तो रेग्युलेटर.

घरच्या गॅस सिलिंडरवरचा रेग्युलेटर आठवा. तोही दाब कमी करतो, हाही. टाकीत हवा साधारण 200 बार दाबाने भरलेली असते. रेग्युलेटर ती आजूबाजूच्या पाण्याच्या दाबाइतकी करून देतो. पण गॅसचं काम एकतर्फी असतं. इथं सोडलेला श्वास बाहेरही जायला हवा, आणि त्याच वाटेनं पाणी आत यायला नको.

एक प्रयोग करा. बादलीभर पाण्यात स्ट्रॉ बुडवून फुंका. टोक वरवर असेल तर बुडबुडे सहज निघतात. जसजसं खाली न्याल, तसा गालांवर ताण येतो. म्हणजे श्वास किती खोलीवर बाहेर पडतो, यावर सगळा खेळ आहे.

हे कोडं जाक कुस्तो आणि इंजिनिअर एमिल गान्यां यांनाही पडलं होतं. 1943 मध्ये पॅरिसजवळच्या मार्न नदीत त्यांनी रेग्युलेटर तपासला. आडवं पोहताना ठीक, पण उभं राहिलं की हवा वाया जायची आणि डोकं खाली केलं की श्वासच मिळेना! कारण हवा आत येण्याची आणि बाहेर जाण्याची जागा वेगवेगळ्या उंचीवर होती. दोन्ही शेजारी आणल्या आणि प्रश्न सुटला.

आजच्या रेग्युलेटरमध्ये तोंडाजवळच्या डबीतच दोन्ही सोयी असतात. समोर हवा सोडणारा पडदा, खाली छत्रीसारखी सिलिकॉनची पातळ चकती. श्वास सोडला की चकतीची कड उचलते, थांबला की पाण्याचा दाबच ती बंद करतो. चकती मोठी आणि मऊ असेल तर श्वास सहज सुटतो. पण फारच मऊ झाली तर पाणी झिरपतं. बुडबुडे डोळ्यांसमोर येऊ नयेत म्हणून खाली दोन बाजूंना फुटणारी नळी असते. ती अरुंद झाली तर पुन्हा अडथळा.

युरोपच्या ईएन 250 मानकानुसार 50 मीटर खोलीच्या दाबाखाली चाचणी होते. श्वास घेताना किंवा सोडताना दाबातला फरक 25 मिलिबारपेक्षा जास्त चालत नाही. म्हणजे आपल्या बादलीत स्ट्रॉ साधारण 25 सेंटीमीटर बुडवण्याइतका!

एवढा आटापिटा कशाला? 30 मीटरवर हवा चौपट दाट होते. सोडायला जोर लागला की श्वास अर्धवट सुटतो, शरीरात कार्बन डायऑक्साइड साठतो. मग धाप लागते, जीव घाबरतो आणि पाण्याखाली घाबरणं सगळ्यात धोक्याचं.

म्हणून मालवणला गेलात तर लक्षात ठेवा: रेग्युलेटर तोंडात घेतला की आधी फुंकायचं, आतलं पाणी चकतीतून निघून जातं, मग श्वास घ्यायचा. आणि वर येताना श्वास कधीच रोखायचा नाही. दाब कमी होतो तशी छातीतली हवा फुगते आणि फुप्फुसाला इजा होऊ शकते. सेल्फी नंतर, आधी श्वास सोडा!