नंबर सिममध्ये नसतो

नंबर दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट केला की जुनं सिम बाद होतं, नवं घालावं लागतं. नंबर मात्र तोच राहतो. 20 जानेवारी 2011 पासून देशभर ही सोय आहे. तरीही अनेकांना वाटतं की आपला नंबर सिममध्येच असतो. तो खरा असतो कंपनीच्या सर्व्हरवर. सिममध्ये त्याची नोंद असली, तरी नेटवर्क तिच्यावर विसंबत नाही. सिम सांभाळतं ते दुसरंच काही: आयएमएसआय हा ओळख क्रमांक, जो भारतात 404 किंवा 405 ने सुरू होतो, आणि 128 बिटांची एक गुप्त किल्ली.

या किल्लीची राखण कशी होते, ते मला फार विलक्षण वाटतं. फोन चालू केला की तो टॉवरमार्फत कंपनीला आपली ओळख सांगतो. कंपनी उलट एक भलामोठा आकडा पाठवते, दर वेळी नवा. फोन तो सिमकडे सोपवतो. सोनेरी पत्र्याखालची ती चिप म्हणजे प्रोसेसर आणि मेमरी असलेला छोटा कॉम्प्युटरच. आलेला आकडा आणि किल्ली घेऊन ती गणित करते आणि फक्त उत्तर बाहेर देते. किल्लीची जोडप्रत कंपनीकडे असल्यामुळे तिथेही तेच गणित होतं. उत्तरं जुळली की रेंज येते. या सगळ्यात किल्ली हवेतून जात नाही, खुद्द फोनलाही ती दिसत नाही. संभाषण सांकेतिक करणारी तात्पुरती किल्लीसुद्धा याच गणितातून निघते. थ्रीजीपासून तर सिमही नेटवर्कला पारखून घेतं, म्हणजे बनावट टॉवरला सहजासहजी थारा मिळत नाही.

हे गणित नेहमीच भक्कम होतं असं नाही. अनेक कंपन्या वापरत असलेली जुनी पद्धत 1998 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी फोडली. कार्ड हातात असेल तर किल्ली काढून त्याची नक्कल करता येते, हे त्यांनी दाखवलं. पुढच्या पद्धती त्यातून शहाण्या झाल्या.

पहिली सिमकार्डं 1991 मध्ये म्युनिकच्या गीझेके अँड डेव्हरिएंट कंपनीने फिनलंडच्या राडिओलिन्या या मोबाइल कंपनीला दिली. तेव्हाचं कार्ड एटीएम कार्डाएवढं होतं. आजचं नॅनो सिम 12.3 बाय 8.8 मिलिमीटर. ई-सिममध्ये तर कार्डच नाही. चिप फोनमध्येच बसवलेली असते आणि किल्लीसकट सगळी माहिती कुलूपबंद होऊन इंटरनेटवरून तिच्यात उतरते.

आजचे भामटे चिप फोडायच्या फंदात पडत नाहीत. ते खोटी कागदपत्रं दाखवून तुमच्या नंबरचं डुप्लिकेट सिम काढतात. सर्व्हरवर तुमचा नंबर नव्या सिमला जोडला जातो, तुमचं सिम मुकं होतं आणि बँकेचे ओटीपी त्यांच्याकडे जाऊ लागतात. म्हणूनच 1 जुलै 2024 पासून, सिम बदलल्यावर सात दिवस नंबर पोर्ट करता येत नाही. आजूबाजूच्यांची रेंज ठीक असताना तुमचीच अचानक गेली आणि येईना, तर वाट पाहत बसू नका. दुसऱ्याच्या फोनवरून आधी बँकेला फोन लावा, मग मोबाइल कंपनीला.