परमुलखातील बट्टा

मंचेरियल हे जिल्ह्याचे ठिकाण झाले ११ ऑक्टोबर २०१६ रोजी. त्यापूर्वी ते आदिलाबाद जिल्ह्यातले एक गाव होते आणि त्याही पूर्वी निजामाच्या मुलखातले. त्या मुलखाचे नाणेही स्वतंत्र होते. आपल्या घरांतील वृद्धांच्या बोलण्यात 'हाली' आणि 'कलदार' हे दोन शब्द अजून क्वचित ऐकू येतात, ते त्या काळातले. काझीपेठ-बल्लारशा हा लोहमार्ग १९२९ मध्ये पुरा झाला आणि चांद्याच्या महाकालीची चैत्री यात्रा येथल्या मराठी कुटुंबांना सोयीची झाली; परंतु वर्धा नदी ओलांडली की हाली रुपया परका ठरे आणि इंग्रजी राज्याचा कलदार लागे. १९५० मध्ये भारतीय रुपया इकडे आला तेव्हा सात हाली बरोबर सहा भारतीय रुपये असा भाव होता, आणि हाली सिक्का पुरता बाद झाला तो १९५९ मध्ये. अदलाबदल करून देणारा सराफ आपला बट्टा कापून घेई. तो उघड होता, समोरासमोर होता, आणि त्यावरून घासाघीसही करता येई.

ही जुनी कहाणी उगाळण्याचे कारण असे की, आज आपल्या घरांतील साठी ओलांडलेली माणसे पुन्हा परमुलखात जाऊ लागली आहेत. कोणाचा मुलगा डॅलसला, कोणाची मुलगी न्यू जर्सीला. बाळंतपणासाठी, मुंजीसाठी, नुसते भेटायला म्हणून ही मंडळी निघतात. बॅगेत मेतकूट, भाजणी, औषधे सारे काही असते. पैशाविषयी मात्र एकच वाक्य ऐकू येते : "कार्ड आहे ना!"

आमच्या परिचयाचे एक निवृत्त शिक्षक असेच निघाले. सोबत पत्नी, त्यांना मधुमेह. जवळचे रुपये हैदराबादच्या विमानतळापर्यंतच्या मोटारीतच बहुतेक संपले. आखातातील एका विमानतळावर विमान बदलायचे होते, तेथे पुढचे उड्डाण सात तास लांबले. बाईंनी इन्सुलिन घेतलेले, त्यामुळे काही खाणे निकडीचे होते. गुरुजींनी उपाहारगृहात कार्ड पुढे केले, ते नाकारले गेले. शेजारच्या यंत्रात घातले, तेथेही नकार. खात्यात निवृत्तिवेतनाचे दोन लाखांहून अधिक रुपये होते. बँकेला कळवावे तर फोनवर रोमिंग घेतलेले नव्हते. बँकेचे अ‍ॅप उघडावे तर त्याला ओटीपी हवा, आणि तो यायचा त्याच बंद पडलेल्या सिमवर. शेवटी जगत्यालकडचा एक तेलुगू तरुण, जो आखातात मजुरीवर परत चालला होता, त्याने या दोघांना जेवू घातले आणि पैसे काही केल्या घेतले नाहीत. त्याच्या खिशात त्या देशाचे रोख दिरहम होते.

कार्ड बिघडलेले नव्हते, बँकेचीही चूक नव्हती. रिझर्व्ह बँकेने १५ जानेवारी २०२० रोजी परिपत्रक काढले आणि १६ मार्च २०२० पासून असे ठरवून दिले की, नवे कार्ड देताना ते केवळ भारतातील एटीएम आणि दुकानांतील यंत्रे यांपुरतेच चालू असावे. परदेशी वापर, इंटरनेटवरील खरेदी हे सारे खातेदाराने स्वतः सुरू करून घ्यायचे. नियम उत्तम आहे. आपल्या नकळत कोणी परदेशात आपले कार्ड ओरबाडू नये यासाठीच तो आहे. पण ज्याला तो ठाऊक नाही त्याच्या दृष्टीने ते कार्ड म्हणजे कुलूप घातलेली पेटी. तेव्हा निघण्यापूर्वी आठ दिवस बँकेत जावे अथवा अ‍ॅपमधून परदेशी वापर सुरू करावा, रोजची मर्यादा बेताची ठेवावी, आणि फोनचे रोमिंग निदान संदेश येण्यापुरते तरी घ्यावे. हे काम मुलाने 'तिकडून करून देतो' म्हटले तरी त्याच्यावर सोपवू नये. ओटीपी आपल्या सिमवर येतो, त्याच्या नव्हे.

आणखी एक पाहावे ते कार्डावरील चिन्ह. निवृत्तिवेतनाच्या खात्यावर पुष्कळांना रूपे कार्ड मिळालेले असते. २०१२ मध्ये सुरू झालेली ही आपल्या देशाची योजना अभिमानास्पद खरी, परंतु साधे रूपे कार्ड देशापुरतेच असते. परदेशात चालणारे रूपे वेगळे मिळते आणि ते डिस्कव्हर, डायनर्स, जेसीबी या जाळ्यांवरील यंत्रांत चालते. आपल्याजवळ कोणते आहे हे बँकेला विचारावे. कार्ड पालथे करून तर्क करीत बसू नये.

आता बट्ट्याकडे वळू. हिशेबाच्या सोयीसाठी एक डॉलर नव्वद रुपयांचा धरू. शंभर डॉलर काढले तर मूळ रक्कम ९,००० रुपये. त्यावर आपली बँक परकी चलनाचा अधिभार घेते. तो अनेक बँकांत साडेतीन टक्क्यांपर्यंत असतो. म्हणजे ३१५ रुपये. त्यावर अठरा टक्के जीएसटी, ५६ रुपये ७० पैसे. एकूण ९,३७१ रुपये ७० पैसे. शिवाय रोख काढण्याचे ठरावीक शुल्क आपली बँक घेते, आणि ज्याचे यंत्र तोही बहुधा आपले वेगळे शुल्क घेतो. शुल्क दर वेळेचे असल्याने दहा वेळा वीस-वीस डॉलर काढणारा आपण काटकसरी आहोत असे समजतो आणि सर्वांत महाग पैसा वापरतो.

परंतु खरी मेख पुढे आहे. पैसे देण्यापूर्वी यंत्र, किंवा दुकानातील माणूस, मोठ्या आदबीने विचारतो : रक्कम रुपयांत घ्यावी की येथील चलनात? आपल्या माणसाला परक्या देशात 'रुपये' हा शब्द दिसताच माहेरचे कोणी भेटल्यासारखे वाटते आणि तो झटकन रुपयांचे बटण दाबतो. तेथेच तो फसतो. रुपयांचा भाव मग ते यंत्र चालविणारा ठरवितो. वरील उदाहरणात त्याने डॉलरला शहाण्णव रुपये लावले तर शंभर डॉलरचे ९,६०० झाले. शिवाय काही भारतीय बँका अशा व्यवहारावरही आपला अधिभार लावतात, तो निराळाच. म्हणून उत्तर नेहमी एकच : त्या देशाचे चलन. थायलंडमध्ये बाट, लंडनमध्ये पौंड. आमच्या मते या एका बटणाची माहिती विमानाच्या तिकिटावरच छापली पाहिजे.

क्रेडिट कार्डाविषयी थोडक्यात इतकेच, की त्याने वस्तू घ्याव्या, रोख काढू नये. रोख काढली तर शुल्क लागते आणि व्याज त्याच दिवसापासून चालू होते. खरेदीला मिळणारी सवलतीची मुदत तेथे नाही. उलट हॉटेलात वा भाड्याच्या मोटारीसाठी डेबिट कार्ड दिले तर ते लोक अनामत म्हणून काही रक्कम अडवून ठेवतात, आणि ती सुटेपर्यंत आपलेच पैसे आपल्याला वापरता येत नाहीत. तेथे क्रेडिट कार्ड बरे.

या यंत्राच्या जन्मकथेत आपलाही एक धागा आहे, तो सांगण्याचा मोह आवरत नाही. पैसे देणारे पहिले यंत्र २७ जून १९६७ रोजी लंडनजवळ एन्फील्ड येथे बार्कलेज बँकेने बसविले. त्याचे कर्ते जॉन शेफर्ड-बॅरन यांचा जन्म शिलाँगचा, १९२५ मधला. सांकेतिक क्रमांक सहा आकडी असावा असे त्यांच्या मनात होते. पण आपल्या लक्षात चारच आकडे राहतात असे पत्नी म्हणाली, म्हणून तो चार आकडी झाला, असे ते स्वतः सांगत. बाईंच्या सोयीने ठरलेला तो क्रमांक आपल्याकडे मात्र बाईंनाच ठाऊक नसतो. कार्ड यजमानांच्या पाकिटात, क्रमांक यजमानांच्या डोक्यात. परमुलखात यजमानांना दवाखान्यात ठेवावे लागले तर बाईंनी काय करावे? म्हणून दोघांची दोन कार्डे, दोन खात्यांवरची, दोन निरनिराळ्या पिशव्यांत असावीत आणि बाईंनी निघण्यापूर्वी येथल्याच एटीएमवर आपल्या हाताने चार वेळा पैसे काढून पाहावेत.

मुलगा-सून आहेत, त्यांच्या घरी खर्च तो कसला, असे कोणी म्हणेल. सहा महिने नातवाला खाऊ घ्यायचा तरी सुनेकडे हात पसरावा लागणे ही गोष्ट छत्तीस वर्षे नोकरी केलेल्या माणसाला किती टोचते, हे आम्ही परतलेल्या मंडळींच्या तोंडून ऐकले आहे. ते कुणी उघड बोलत नाही. 'तिकडे करमत नाही' एवढेच म्हणतात.

एके काळी परदेशी जाणाऱ्या भारतीयाला बरोबर आठ डॉलर नेण्याची मुभा होती. आज उदारीकृत प्रेषण योजनेखाली वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत मुभा आहे. ही योजना २००४ मध्ये पंचवीस हजारांवर सुरू झाली होती. रोख नोटा मात्र बहुतेक देशांसाठी एका प्रवासाला तीन हजार डॉलरपर्यंतच मिळतात. तितक्यांची गरजही नसते. दोन-तीनशे डॉलर, त्यांतही पाच व दहाच्या नोटा, आणि वाटेतल्या देशाचे थोडे चलन अंगावर असले म्हणजे सात तासांचा खोळंबा सोसता येतो.

कार्ड हरवले तर 'उद्या पाहू' म्हणू नये. परदेशात पुष्कळ ठिकाणी खरेदीला ओटीपी विचारत नाहीत, नुसते कार्ड टेकवले की पैसे जातात. बँकेचा परदेशातून लागणारा क्रमांक कागदावर लिहून पारपत्राबरोबर ठेवावा, फोनमध्ये नव्हे. चोर बहुधा दोन्ही एकदम नेतो. परत आल्यावर परदेशी वापर पुन्हा बंद करावा. उरलेल्या नोटा दोन हजार डॉलरपर्यंत जवळ ठेवता येतात, त्यावरच्या १८० दिवसांच्या आत परत कराव्या लागतात. नाण्यांना मर्यादा नाही, ती कितीही ठेवा. येथे ती कोणी बदलूनही देत नाही.