खोक्यातली शिट्टी

कोथिंबिरीच्या पिशवीचा नुसता चुरचुर आवाज आला, की गिनीपिग ‘वीऽऽक! वीऽऽक!’ अशी शिट्टी मारतो. म्हणजे काय, तर ‘आणा लवकर!’ फारच खूश झाला, तर जागच्या जागी टुणकन उडतो, हवेतच अंगाला झटका देतो आणि पुन्हा उडतो. या उड्यांना गिनीपिग पाळणारे लोक ‘पॉपकॉर्न’ म्हणतात.

हा गडी दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताकडचा. तिथल्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी त्याला माणसाळवलं, ते मुख्यतः खाण्यासाठी! पेरू देशात आजही सणासुदीला भाजलेला गिनीपिग पानात येतो. रानात राहणाऱ्या त्याच्या भाऊबंदांवर तर वरून शिकारी पक्षी आणि खालून कोल्हे टपलेले. म्हणून आपल्या दिवाणखान्यात राहणाऱ्या गिनीपिगच्याही डोक्यात एकच प्रश्न असतो: मला खायला कोण येतंय?

तुम्ही प्रेमानं वरून हात घातलात, तरी त्याला झडप घालणारा पक्षीच आठवणार. त्यापेक्षा खाली बसा, हात समोरून न्या आणि उचलताना दुसरा हात त्याच्या पोटापायांखाली धरा. लपायला पुठ्ठ्याचं खोकं द्या, पण त्याला दोन दारं कापा. एकाच दारात दुसरा गिनीपिग ठाण मांडून बसला, तर आतला अडकतो ना!

दुसरा? हो, एकटा गिनीपिग झुरतो. स्वित्झर्लंडमध्ये तर 2008पासून गिनीपिग एकटा ठेवायला कायद्यानंच मनाई आहे. मात्र जोडी दोन माद्यांची आणा. नर-मादी एकत्र ठेवलेत, तर दोन-सव्वादोन महिन्यांत पिल्लं हजर! तीही कशी, तर उघड्या डोळ्यांची, अंगभर केस आणि तोंडात दात घेऊन आलेली, काही तासांतच पळायला लागणारी.

दोघांना किमान चार फूट लांब, दोन फूट रुंद जागा हवी. दुकानातले बरेच पिंजरे याहून लहान असतात. तळ जाळीचा नको, त्यानं पायांना जखमा होतात. धावायचं चाकही नको, त्याच्या पाठीला ते सोसत नाही. आणि ऊन? थंड डोंगरातल्या या प्राण्याला तिशीच्या पुढचं तापमान जिवावर बेतू शकतं. विदर्भातला मे महिना तर विचारूच नका! घरातली सगळ्यात गार खोली त्याची.

आता खाणं. त्याचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि झिजवायचे तर सुकं गवत चावतच राहावं लागतं. म्हणून गवताचा ढीग दिवसरात्र समोर हवा. कांदा, लसूण, बटाटा मात्र अजिबात नाही. शिवाय रोज ढोबळी मिरचीची एक फोड द्या. का, त्याची गंमत ऐका.

जहाजांवरच्या खलाशांना होणाऱ्या एका आजाराचा शोध नॉर्वेतले होल्स्ट आणि फ्रोलिख हे दोघं घेत होते. त्यांनी गिनीपिगना नुसतं धान्य खाऊ घातलं आणि झाला भलताच आजार: क जीवनसत्त्वाच्या कमतरतेनं होणारा स्कर्व्ही! 1907 साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. बहुतेक प्राणी क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात बनवतात. माणसाला ते जमत नाही आणि गिनीपिगलाही नाही, म्हणून ते त्याला ढोबळी मिरचीतून द्यायचं. होल्स्ट आणि फ्रोलिख यांनी गिनीपिगच्या जागी उंदीर वापरले असते, तर काहीच झालं नसतं! गिनीपिगमुळे स्कर्व्हीचा अभ्यास प्रयोगशाळेत करता आला आणि पुढे क जीवनसत्त्वापर्यंत पोचता आलं.

एक लबाडी मात्र ओळखायला शिका. रानात आजारी दिसणारा आधी पकडला जातो, म्हणून गिनीपिग दुखणं लपवतो. त्यावर उपाय म्हणजे स्वयंपाकघरातला वजनकाटा. दर आठवड्याला वजन लिहून ठेवा. ते घसरायला लागलं तर प्राण्यांच्या डॉक्टरांकडे जा. खाणंच सोडलं, तर त्याच दिवशी. आणि घरच्या डब्यातली आपली औषधं त्याला मुळीच देऊ नका. आपल्याला बरं करणारं पेनिसिलिन त्याच्या पोटातले उपयोगी जिवाणू मारून टाकतं आणि त्यानं तो दगावूही शकतो.