हौसेचे नाणे महाग का?

सिंदखेडराजा हे आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले गाव. जिजाऊंचा जन्म इथला. त्यांचे पुत्र शिवाजी महाराज. १९९९ साली सरकारने महाराजांचे चित्र असलेले दोन रुपयांचे नाणे काढले. ते बाजारात चालले. ज्याने जपून ठेवले, त्याला ते दोन रुपयांतच पडले.

पण काही नाणी नुसती संग्रहासाठी असतात. ती सरकारी टांकसाळीतून विकत घ्यावी लागतात. २०२३ साली नव्या संसद भवनाचे ७५ रुपयांचे नाणे निघाले. वजन ३५ ग्रॅम. त्यात निम्मी चांदी, म्हणजे साडेसतरा ग्रॅम. बाकी तांबे, निकेल व जस्त. आता हिशेब करा. २०२४ साली चांदीने किलोला लाखाचा भाव गाठला. म्हणजे ग्रॅमला १०० रुपये. नुसती चांदीच १,७५० रुपयांची झाली! वर घडणावळ आणि कर. मग ते ७५ रुपयांत कसे मिळेल? चांदी चढली, की असे नाणेही चढते.

मग हौशी माणसाने काय करावे? चांदीचे एखादेच नाणे घ्यावे. बाकी सुट्या पैशांत येणारी नाणी निरखावीत. त्यांतही थोरांची चित्रे असतात.

आणि सावध असा! “तुमच्या जुन्या नाण्याचे लाख रुपये देतो, आधी फी भरा,” असा फोन आला, तर पैसाही देऊ नका. रिझर्व्ह बँक असा व्यवहार करीत नाही. २०२१ साली तिनेच तसे बजावले आहे.

अंथरूण पाहून पाय पसरावे. हौसेलाही तोच नियम.