ताडोबाभोवती समुद्र नाही

१९५५ साली ताडोबा राष्ट्रीय उद्यान झालं, तेव्हा संरक्षण म्हणजे राखण. हद्द आखा, शिकार थांबवा. वाघांचं पुढचं शास्त्र मात्र उपमांमधून घडत गेलं आणि आमच्या चंद्रपूर जिल्ह्याकडे कसं बघायचं, हेही त्या उपमांनीच ठरवलं.

पहिली उपमा बेटाची. १९६७ मध्ये मॅकआर्थर आणि विल्सन यांनी समुद्री बेटांवरून सिद्धांत मांडला: बेट जितकं लहान आणि एकाकी, तितक्या तिथल्या जाती कमी. शेतांनी वेढलेलं जंगलही मग बेट ठरलं. बेटं जोडायची म्हणून १९७५ च्या सुमारास ‘कॉरिडॉर’ आला. राजस्थानातलं सरिस्काचं जंगल वाघांविना रिकामं झाल्यावर २००६ च्या कायदादुरुस्तीत त्याला जागा मिळाली. या उपमेचे उपकार मोठे आहेत. पेंचजवळ महामार्ग ४४ उंचावून जनावरांसाठी खालून वाटा ठेवल्या गेल्या, त्यातली सर्वांत लांब ७५० मीटरची आहे. वाघ तिथून खरंच जातात.

पण ताडोबाभोवती समुद्र नाही. वर्धा नदी ओलांडली की राजुरा, कोरपना, जिवती. कापूस-तुरीची शेतं, चुनखडीच्या खाणी, गडचांदूरचे सिमेंट कारखाने, गुरं चारणारी माणसं. टिपेश्वर अभयारण्यातला टी-१ सी-१ हा वाघ २०१९ मध्ये निघाला आणि तेलंगणात शिरून, परत येऊन बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याच्या रेडिओ गळपट्ट्याने नोंदवलेली वाट नकाशावरच्या हिरव्या पट्ट्यांची नव्हती. दिवसा नाल्याकाठच्या झुडपात दडायचं, रात्री शेतांतून चालायचं. खायला रानडुकरं आणि गावची गुरं.

दुसरी उपमा उगमाची. पुलियम यांनी १९८८ मध्ये मांडलं की काही जागी प्राणी वाढतात आणि तिथून निघून दुसऱ्या जागी जिरतात. ताडोबा उगम, बाहेरचं सगळं जिरण्याची जागा, असं आपण धरून चाललो. आमच्याच जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी वनविभागाच्या वाघिणींनी ते खोटं पाडलं. अभयारण्याबाहेर, गावांना लागून असलेल्या जंगलात त्या बछडी वाढवत राहिल्या. मे २०२३ मध्ये नागझिऱ्यात सोडलेल्या दोन वाघिणी तिथल्याच. संरक्षित जंगलाला वाघ पुरवले ते ‘बाहेर’च्या जंगलाने! मला तरी या मागोव्यातली हीच सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

तिसरी उपमा धारणक्षमतेची. जहाजात किती माल मावेल या हिशेबातून ती कुरणांवर आली आणि कुरणांवरून वन्यजीवांवर. त्यातूनच ‘चंद्रपूरचे जास्तीचे वाघ’ हा शब्दप्रयोग रुळला. जास्त झाले, तर उचलून दुसरीकडे न्या. ताडोबाची झीनत २०२४ मध्ये ओडिशातल्या सिमलीपालला नेली. ती तिथून झारखंड ओलांडून बंगालमध्ये गेली आणि बांकुड्यात तिला बेशुद्ध करून पकडावं लागलं. वाघ माल नव्हे, तो आपली जागा स्वतः शोधतो.

पण या शोधाची किंमत माणसंही मोजतात. राजुऱ्यातल्या आरटी-१ वाघाने कित्येकांचे जीव घेतले. ऑक्टोबर २०२० मध्ये तो पकडला गेला. ज्या घरातली माणसं गेली, त्यांना उगम आणि क्षमता सांगून काय उपयोग? वाघाचं राहणं गावांतूनच असेल, तर नियोजनही गावांपासून सुरू व्हायला हवं. राजुरा-कोरपना-जिवतीसाठी वाघांच्या संरक्षणाचे आराखडे आखताना वनखात्याने गुराखी, शेतकरी आणि खाणकामगारांना आधी बसवून घ्यावं आणि नुकसानभरपाई वेळेत द्यावी.