न दिसणारी जखम : जवानाच्या मेंदूचा मार आणि उपचाराची साखळी

जवानाच्या पायात गोळी घुसली तर रक्त दिसते. पण सुरुंगाच्या स्फोटाने डोक्यास हादरा बसला तर अंगावर ओरखडाही नसतो. जवान उठतो, "मी ठीक आहे" म्हणतो आणि कामाला लागतो. पुढे डोकेदुखी, निद्रानाश, विसराळूपणा, क्षुल्लक कारणावरून संताप सुरू होतो. निवृत्त होऊन तो गावी आला की लोक म्हणतात, "फौजेत डोकं फिरलं." कुणी दारूला दोष देतो, कुणी भगताचा पत्ता सांगतो! समाजबांधवांनो, हा मेंदूच्या इजेचा परिणाम असू शकतो.

मेंदूची इजा दोन टप्प्यांत होते. पहिली आघाताच्या क्षणी. ती कोणीही परत फिरवू शकत नाही. दुसरी नंतरच्या तासांत व दिवसांत होते. सूज चढते, कवटीत रक्त साचते, प्राणवायू कमी पडतो, रक्तदाब घसरतो. ही दुसरी इजा बऱ्याच अंशी टाळता येते. म्हणूनच केवळ निष्णात शल्यविशारद असून भागत नाही. जखमी त्याच्यापर्यंत कसा पोचतो, यावर सारे अवलंबून असते.

येथे अभियंत्याची दृष्टी कामी येते. एस.टी.च्या दोन्ही गाड्या आपापल्या वेळेवर सुटल्या, पण एकीची दुसरीशी जोड नसली तर प्रवासी फाट्यावरच राहतो. चूक कुण्या चालकाची नसते, वेळापत्रकाची असते. संपूर्ण व्यवस्था एकत्र पाहून असे सांधे शोधणे म्हणजे प्रणाली अभियांत्रिकी होय. अमेरिकेत सैनिकांच्या मेंदूच्या इजेबाबत याच दृष्टीने विचार करणारा अहवाल 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. 2010 मध्ये तेथील सैन्याने नियम केला की, स्फोटापासून 50 मीटरच्या आत असलेल्या प्रत्येकाची तपासणी व्हावी, मग त्याची तक्रार असो वा नसो. मला हा नियम फार मोलाचा वाटतो, कारण तो जवानाच्या भिडेवर विसंबत नाही.

दुसरे साधन 1974 चे, ग्लासगो येथील. डोळे उघडण्यास 4, बोलण्यास 5, हालचालीस 6, असे एकूण 15 गुण. कमीत कमी 3. आघाडीवर 13 लिहिले आणि रुग्णालयात 9 भरले, तर प्रकृती ढासळत आहे हे कुणालाही कळते. मात्र पहिला आकडा कागदावर सोबत आला पाहिजे!

आपल्या पुण्यात 1944 पासून कृत्रिम अवयव केंद्र आहे, खडकीत 1974 पासून कंबरेखालून लुळ्या झालेल्या जवानांचे पुनर्वसन केंद्र आहे. पाय किंवा कणा गमावलेल्यास जावयाचे दार ठाऊक असते. मेंदूच्या रुग्णाचे बोलणे, स्मरण, स्वभाव सारेच बिघडते आणि त्याला अनेक विभागांची दारे हिंडावी लागतात. 2003 पासून माजी सैनिकांसाठी अंशदायी आरोग्य योजना आहे. तेथे जाताना जुनी कागदपत्रे, स्फोटाची वा अपघाताची तारीख, बेशुद्ध राहिल्याची नोंद सोबत न्यावी. स्वभाव केव्हापासून बदलला, हे पत्नीनेच सांगावे. त्याला स्वतःला ते आठवेलच असे नाही.

विद्यार्थी मित्रांनो, शेलूबाजारजवळून आता समृद्धी महामार्ग जातो. रस्त्यावर डोक्यास मार लागलेल्यालाही हेच लागू आहे. 108 ला फोन करा, अर्धवट शुद्धीत पाणी पाजू नका, मान हलवू नका आणि मार लागल्याची वेळ चिठ्ठीवर लिहून रुग्णवाहिकेतील डॉक्टरांच्या हाती द्या.